एकाच हाताचे दोन अर्ज

त्रेसष्टाव्या वर्षी मी नोकरीसाठी खोटा अर्ज केला. माहेरच्या नावानं, वय चोवीस लावून. त्या अर्जाला मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि त्या बोलावण्यापायी एका हुशार मुलीचा खरा अर्ज मातीत गेला. माझ्या हातून झालेले बाकीचे मूर्खपणे घरातल्या घरात जिरले. हा जिरला नाही.

आता मी एकाहत्तरची आहे. आठ वर्षांपूर्वीची ती बाई आठवली की वाटतं, पोर होती बिचारी. शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली, गुडघे बरे, जीभ त्याहून बरी, आणि अक्षराचा माज. दुसरा शब्द नाही त्याला. जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत गटार तुंबलं, मीटर नादुरुस्त झालं, कुणाच्या पोराचा दाखला काढायचा झाला, की लोक कोरा कागद घेऊन माझ्या ओट्यावर. मी चष्मा पुसणार, पेन झटकणार, मग दोन मिनिटं नुसतीच कागदाकडं बघणार. तेवढी ऐट लागायचीच. लिहून झालं की समोरचा म्हणायचा, "बाई, छापल्यासारखं आहे." मी म्हणायची, "छापलेलं एवढं चांगलं नसतं." घरातून आमचे हे ओरडायचे, "हिला दिवा लावून आरती करा आता."

आमच्या वरच्या खोलीत तेव्हा ती मुलगी राहायची. साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरच्याही पलीकडच्या पाड्यावरची, भिल्लाची. जळगावात राहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, पहिल्या वर्गात. सकाळी जिन्यावर बसून केस विंचरताना सूत्रं पुटपुटायची, आणि मी खालून विचारायची, "आज कुणाला विष देणार?" ती म्हणायची, "तुमचाच नंबर आहे, आजी." तिचा बाप दोन-तीन महिन्यांनी यायचा. पाठीवर नागलीच्या पिठाची पिशवी, चप्पल दाराबाहेर लांब काढलेली, खुर्चीवर कधी बसला नाही. मला अक्का म्हणायचा. आमच्या शाळेत मी पस्तीस वर्षं 'सर्व समान' शिकवलं, पण त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवावं हे माझ्या ध्यानात आलं नाही, हेही इथंच सांगून टाकते.

धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेची जाहिरात आली. अनुदानित कॉलेज. प्रयोगशाळा सहायक, जागा एक, प्रवर्ग खुला. मुलीनं रात्रभर जागून अर्ज लिहिला आणि सकाळी मला दाखवायला आणला. तिचं अक्षर बारीक, डावीकडं कललेलं, वाऱ्यानं पडलेल्या गवतासारखं. पण वाचता येत होतं. चांगलं वाचता येत होतं.

मी म्हटलं, "हा अर्ज आहे की डॉक्टरची चिठ्ठी?"

"एवढं वाईट आहे?"

"आण इकडं." आणि मी तिच्यादेखत तो कागद फाडला. चार तुकडे केले. आजही त्या फाडण्याचा आवाज कानात येतो.

मी नवा कागद घेतला तशी ती म्हणाली, "आजी, जाहिरातीत 'स्वहस्ताक्षरात' म्हटलंय."

"मग? मी काय पायानं लिहिते?"

ती हसली. मीही हसले. माझा विनोद मला फार आवडला होता. "सही तुझी कर," मी म्हटलं, "बघतात ती सहीच. पस्तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिते मी, कुणी विचारलं नाही." ते खरंच होतं. गटाराच्या अर्जात हात कुणाचा, हे विचारणार तरी कोण?

अर्ज द्यायला ती आणि बाप धुळ्याला गेले. संध्याकाळी ती एकटीच परत आली आणि थेट वर निघाली. मी जिन्यातच अडवलं. मग पायरीवर बसून तिनं सांगितलं. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज घेतला, आडनाव वाचलं, मूळ गाव वाचलं, मग मान वाकडी करून बापाच्या पायांकडं बघितलं.

"साक्रीकडचे का? भिल्ल?"

"हो."

"मग ही जागा कशाला अडवता? ही खुल्याची आहे. तुमची निघेल तेव्हा या."

ती म्हणाली, "खुली म्हणजे सगळ्यांसाठी असते ना, सर?"

तो मागच्या टेबलाकडं वळून म्हणाला, "ऐका हो, आता आपल्याला हे लोक शिकवणार." दोघं हसले. पोच म्हणून शिक्का मात्र मारून दिला.

हे सांगताना ती रडली नाही. मला म्हणाली, "शिक्का दिलाय म्हणजे अर्ज घेतलाय, आजी. बघतील ते." तिचा कागदावर विश्वास होता. माझाही होता, पण माझा विश्वास वाकडा. मी रागावले, आणि नुसती रागावून थांबले असते तर बरं झालं असतं. मला एक युक्ती सुचली. युक्ती सुचली की मला लहानपणापासून पोटात गुदगुल्या होतात. वर्गात मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावताना झाल्या होत्या, तशाच.

लग्नात माझं नाव बदललं. आमच्यात तेव्हा बदलायचेच. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. माझं जुनं नाव आणि माहेरचं आडनाव चाळीस वर्षं रिकामं पडलेलं होतं. आडनाव असं, की खानदेशात कुठल्याही कचेरीत सांगा, खुर्ची पुढं सरकते. मी त्या नावानं अर्ज लिहिला. तीच पदवी, तेच टक्के, तेच वर्ष. जन्मसाल तेवढं पुढं ओढलं. पत्ता एरंडोलचा, माझ्या भावाच्या घरचा. प्रमाणपत्रं कुठून आणणार? 'मुलाखतीच्या वेळी सादर करीन' असं लिहिलं. मुदतीला तीन दिवस होते, स्पीड पोस्टानं धाडून दिलं. मुलीला सांगितलं नाही. म्हटलं, फळ लागलं की दाखवू.

दोन आठवडे गेले. दर रविवारी तिचा बाप पिंपळनेरच्या बाजारातून फोन करायचा. पाड्यावर रेंज नव्हती. पत्त्यावर आमचं घर दिलेलं, म्हणून मलाच विचारायचा. "अक्का, बलावणं उनं का?" बोलावणं आलं का. मी म्हणायची, नाही आलं. तो म्हणायचा, "बरं अक्का, वाट देखसू." पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मग एरंडोलहून भावाचा फोन. "ताई, तुला नोकरीचं बोलावणं आलंय धुळ्याहून. या वयात आता भावजींना भाकरी कोण टाकणार?"

मी दुसऱ्याच दिवशी एरंडोलला गेले. पाकिटावर माझं जुनं नाव टाइप केलेलं, पुढं 'कुमारी'. आत 'आपण मुलाखतीस उपस्थित राहावे'. एकाही प्रमाणपत्राची झेरॉक्स नाही, तरी 'आपण'. आणि सगळ्या झेरॉक्स लावलेल्या, शिक्का घेतलेल्या मुलीला काही नाही. पुरावा हातात आला होता, त्याचा राग यायला हवा होता. पण आधी काय झालं ते सांगते. मी भावाच्या पडवीत बसून ते पाकीट तीनदा वाचलं आणि मला आनंद झाला. माझ्या त्या जुन्या नावाच्या मुलीला तिच्या वडिलांनी मॅट्रिकनंतर डी.एड.ला घातलं आणि दुसऱ्याच वर्षी उजवलं. तिला कुणी कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. चाळीस वर्षांनी कुणीतरी म्हटलं. वहिनीनं चहा आणला तर मी कप खाली ठेवून पुन्हा पाकीट बघत होते. माझ्यातल्या त्या मुलीच्या बोलावण्यावर मी अशी लट्टू झाले होते, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मुलीला पत्र दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे मी खरंच पास होते."

"होतीसच."

"पण हे वापरायला नको, आजी. खोटं आहे ना हे."

"खोटेपणा त्यांचा उघडा पडतोय, आपला नाही," मी म्हटलं. असली वाक्यं मला त्या काळी पटापट सुचायची.

आधी एका वकिलाकडं गेलो. तो म्हणाला, कामगार न्यायालयात नोकरीवरून काढलेल्याचं ऐकतात. जिला नोकरीवर घेतलंच नाही ती कामगार कशी? दुसऱ्या वकिलाकडं गेलो, त्यानं विचारलं, शिवी दिली का? जातीवरून शिवी दिली असेल तर कलम लागतं. मुलगी म्हणाली, शिवी नाही दिली, हसले. हसण्याला कलम नव्हतं. शेवटी संस्थेला अनुदान देणाऱ्या खात्याकडं मुलीच्या नावानं तक्रार केली. ती मी लिहिली नाही, टाइप करून घेतली. देवानं तेवढी बुद्धी दिली. खात्यानं तीन जणांची चौकशी समिती नेमली. तोवर मुलाखती होऊन कुणी एक मुलगा तात्पुरता लागला होता. पण समितीच्या पत्रात एक ओळ होती: तक्रारीत तथ्य आढळल्यास निवड प्रक्रिया पुन्हा राबवण्याची शिफारस करण्यात येईल. त्या एका ओळीवर मुलीनं आठ महिने काढले. दुसरीकडं कुठं अर्ज केला नाही. म्हणायची, मला तीच जागा पाहिजे, जिथून हाकललं तीच.

सुनावणीच्या दिवशी सकाळची धुळ्याची बस धरली. रस्ता उकरलेला, एरंडोलपर्यंत धूळ आणि पारोळ्यापर्यंत धक्के. मी तिला उत्तरं पढवत होते. "घाबरायचं नाही. कारकून काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगायचं. मग मी बोलावण्याचं पत्र काढीन." पत्र मी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमाल पर्समध्ये ठेवला होता. धुळ्याच्या स्टँडवर बाप उभा होता, धुतलेला पांढरा सदरा घालून. त्यानं सदऱ्याच्या खिशात पोचेचा शिक्का असलेला कागद ठेवला होता, आठ महिने जपलेला.

समोर समितीचे तिघं, बाजूला संस्थेचे सचिव. सचिव इतके मऊ बोलायचे की कान पुढं करावा लागे. कारकुनानं सांगितलं, असं आपण काही बोललोच नाही. बापानं सांगितलं, बोलले. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही मुलीचे वडील, तुम्ही तसंच म्हणणार. बाप म्हणाला, "मी तठेच हुभा व्हतू ना साहेब." त्यावर कुणी काही लिहिलं नाही.

मग मी रुमाल सोडला. पत्र टेबलावर ठेवलं, सगळं सांगितलं. प्रमाणपत्राशिवाय बोलावलं, आडनाव बघून बोलावलं. बोलताना माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता. तिघंही पुढं झुकले. मधल्या बाई सदस्यांनी पत्र हातात घेऊन भुवया वर केल्या. एक मिनिटभर, फार तर दोन, आम्ही जिंकलो होतो.

सचिव म्हणाले, "ताई, हा अर्ज तुम्ही लिहिलात?"

"मीच."

"स्वतःच्या हातानं?"

"दुसऱ्या कुणाचं असं अक्षर बघितलंय का?" हे मी म्हटलं. खरंच म्हटलं.

त्यांनी फाइलमधून दोन कागद काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. एक माझा खोटा, एक मुलीचा खरा. कागदांकडं बघायची गरजच नव्हती. तीच वेलांटी, तोच उकार, 'महोदय'नंतरचा तोच लांब स्वल्पविराम. अध्यक्षांनी मुलीला विचारलं, "हा अर्ज तुमच्या अक्षरात आहे?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "सही माझी आहे, सर."

"मजकूर?"

"नाही."

त्यांनी तिला कोरा कागद दिला आणि दोन ओळी लिहायला सांगितल्या. तिनं लिहिल्या, डावीकडं कललेल्या. कागद हातोहात फिरला. सचिवांनी जाहिरातीतली अट वाचली: अर्ज स्वहस्ताक्षरात नसल्यास बाद. मग छाननीचा तक्ता पुढं केला. तिच्या नावापुढं शेरा होता, 'सही व मजकूर भिन्न हस्ताक्षरात, बाद'.

मी तो तक्ता ओढून घेतला. अठ्ठावीस उमेदवारांपुढचे सगळे शेरे निळ्या बॉलपेनचे, दाबून लिहिलेले, मागच्या बाजूला उठलेले. हा एकच काळ्या जेलपेनचा, आणि हात निराळा. पस्तीस वर्षं वह्या तपासल्यात मी. गृहपाठ आज सकाळी रिक्षात बसून केलाय की काल रात्री घरी, हे मला शाईवरून कळायचं. हा शेरा तक्रार आल्यानंतर घातलेला होता. मी ते सांगितलं. बोट ठेवून दाखवलं.

अध्यक्ष थकल्यासारखे म्हणाले, "बाई, दुसरीच्या नावानं एक अर्ज तुम्ही लिहिता, नसलेल्या बाईच्या नावानं आणखी एक लिहिता. आता शाईबद्दल तुमचं काय ऐकायचं?"

आमच्या साऱ्या पुराव्यात तो शेरा हा खरा पुरावा होता. तो ओळखणारी त्या खोलीत मी एकटीच होते, आणि माझ्या शब्दाची किंमत मीच घालवून बसले होते. मुलीनं स्वतः लिहिलेला तो गवतासारखा कागद मी फाडला नसता, तर त्यांना बाद करायला कारण उरलं नसतं. दुसरं शोधलंच असतं म्हणा. पण ते त्यांना शोधावं लागलं असतं. मी त्यांना लिहून दिलं, सुवाच्य.

पुढचं पटापट झालं. सचिव मऊपणानं म्हणाले, संस्थेला फसवल्याची पोलिसात तक्रार करता येईल, पण मुलीचं आयुष्य आहे, तक्रार मागं घ्यावी आणि माफीनामा द्यावा. मी म्हटलं, "माफी मी देते, अर्ज मी केला." ते म्हणाले, "तक्रारदार त्या आहेत." आणि वर म्हणाले, स्वहस्ताक्षरात.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून तिनं तो माफीनामा लिहिला. कागद मांडीवर घेतला होता. एके ठिकाणी अडली. मी म्हटलं, "मजकूर सांगू का?"

"नको, आजी."

पंधरा ओळी लिहिल्या तिनं. मी पलीकडच्या टोकाला बसून माझ्या हातांकडं बघत होते. बाप उभाच होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशीही मी म्हटलं नाही.

ती महिनाभरात खोली सोडून गेली. जाताना भिंतीवरचे खिळेसुद्धा काढून भोकं साबणानं बुजवून गेली. खुल्या जागेचा अर्ज तिनं त्यानंतर भरला नाही, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. साक्रीला एका खासगी लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या लावते, लग्न झालंय, एक मुलगी आहे. तो तात्पुरता मुलगा कायम झाला. मी ओट्यावर अर्ज लिहायचं बंद केलं; लोकांना वाटतं, हात थरथरतो. नातवंडं म्हणतात, आजी, आता सगळं मोबाइलवरच भरतात, तुझ्या अक्षराचं काय लोणचं घालायचं? मी हसते. ती बरोबर बोलतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही तिघं धुळ्याच्या स्टँडवर आलो. मुलगी पाण्याची बाटली भरायला नळाकडं गेली. मी बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. मोठ्यानं, पदर तोंडात कोंबूनही थांबेना. माणसं वळून बघत होती. त्रेसष्ट वर्षांची बाई, मांडीवर पर्स, पर्समध्ये रुमाल, रुमालात ते पत्र. बाप माझ्यासमोर खाली उकिडवा बसला. आठ महिने खिशात जपलेला शिक्क्याचा कागद त्यानं काढला, बारीक घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता. आजवर शोधतेय, पण नव्हता. तो म्हणाला,

"अक्का, तुम्ही कसाले रडतस? बलावणं ते तुमलेच उनं ना."